पाचवा गुण

उलझानचं पुस्तक छापून आलं आणि बाल्झियाच्या पोटात दुखायला लागलं. खाण्यात काही वावगं आलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला मात्र तिने सांगितलं, की कालचं लाग्मान बाधलं.

पहिली प्रत द्यायला उलझान स्वतः आली होती. दारातच बूट काढले, पिशवीतून पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. "आपा, ही पहिली तुम्हाला. छापखान्यातून निघाले ती थेट इकडेच आले." एकशे साठ पानं, निळं वेष्टण, त्यावर ट्रकचं चित्र आणि वर नाव: 'पाणी गरम ठेव'. झारकेंतच्याच छापखान्यात काढलेल्या तीनशे प्रती. बाल्झियाने तोंडभरून कौतुक केलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, तळलेले बाउरसाक आणि जर्दाळूचा मुरंबा पुढे मांडला, चार प्याले चहा पाजला. दार लागल्यावर पुस्तक टेबलावर पालथं घातलं आणि त्यावर साखरेचा डबा ठेवला.

आता हे समजून घ्यायला हवं, की या दोघी एका शाळेत चोवीस वर्षं शेजारी बसलेल्या. बाल्झिया साहित्य शिकवायची, उलझान शिवण. शिवण! उलझानला 'उद्या मुलींनी कात्री आणावी' एवढी सूचना लिहायची झाली, तरी ती कागद आधी बाल्झियापुढे सरकवायची, आणि बाल्झिया त्यातल्या दोन चुका लाल करून परत द्यायची. अशा बाईने एका हिवाळ्यात कादंबरी लिहून काढली. बाल्झियाची स्वतःची कादंबरी बावीस वर्षं कपाटात पडून होती, पाहुण्यांच्या चादरींखाली. अकरा प्रकरणं झाली होती. बारावं गेली चौदा वर्षं चालू होतं. याची खबर गावात कुणालाच नव्हती, एक तोलेगेन सोडून. तो तिचा नवरा, गुरांचा डॉक्टर. त्याने कधीकाळी अकरा प्रकरणं ओळीने वाचली होती, चष्मा पुसला होता आणि म्हटलं होतं, "छान आहे. अक्षर तर फारच छान."

ते वाक्य बाल्झिया अजून विसरलेली नव्हती.

गावात मात्र बाल्झियाच्या शब्दाला, त्याहून तिच्या गुणांना, फार किंमत. अडतीस वर्षांत तिने पाचापैकी पाच कुणालाही उगीच दिले नाहीत. अजूनही बाजारात खरबुजांच्या ढिगामागून एखादा टक्कल पडलेला माणूस ओरडायचा, "बाई, आठवीत मला तुम्ही पाच दिला होता!" आणि एक खरबूज तिच्या पिशवीत जबरदस्तीने घालायचा. निवृत्त झाल्यावर वह्या तपासायच्या राहिल्या, पण हात काही गप्प बसेना. मग तिने पुस्तकांना गुण द्यायला सुरुवात केली. त्यासाठी एक जाड वही होती आणि त्या वहीला नियम होते. पहिला गुण भाषेचा. दुसरा माणसांचा, म्हणजे पुस्तकातली माणसं आपल्या दारात आली तर ओळखू येतील का. तिसरा खरेपणाचा. चौथा शेवटाचा. पाचवा गुण मात्र मागून मिळत नसे. पुस्तक मिटल्यावर दोनचार दिवसांनी, हात पिठात किंवा भांड्यांत असताना, ते आपणहून आठवलं तरच पाचवा. वहीत तीनशे बारा पुस्तकं होती आणि पाचाची फक्त सहा.

गावच्या लायब्ररीतलं वाचकमंडळही तिनेच सुरू केलेलं. सात सभासद, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बैठक. महिनाभर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं, चिठ्ठीवर आपलं नाव आणि गुण लिहून डब्यात टाकायचे, आणि लायब्ररीवाल्या तोर्गिनने ते मोठ्याने वाचायचे. दोन नियम होते, दोन्ही बाल्झियाचे. डब्यात पडलेली चिठ्ठी बदलायची नाही. आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याने सर्वांत आधी उठून कारण सांगायचं. मागून कुजबुजणारी माणसं तिला आवडत नसत.

सप्टेंबरच्या बैठकीत उलझानचं पुस्तक घ्यायचं ठरणार, हे तिला आधीच कळलं होतं. तिने रक्तदाब वाढल्याचा निरोप धाडला आणि त्या दुपारी घरी बसून बावीस बरण्या टोमॅटो खारवले. संध्याकाळी तोर्गिनचा फोन आला. पोरगी एके काळी तिच्याच वर्गात होती, आनंदाने फुलून बोलत होती. "बाई, आपली सरासरी चांगली आली ना, तर उलझानआपांचं पुस्तक प्रांताच्या वाचनमेळ्याला जाईल! आणि तिथून सगळ्या शाळांच्या लायब्रऱ्यांत! विचार करा, बाई!" बाल्झियाने विचार केला आणि तिच्या पोटातली कळ छातीपर्यंत चढली.

त्या बैठकीत आणखीही एक गोष्ट ठरली होती, ती तोर्गिन फोनवर सांगायला विसरली. मेळ्यावाल्यांना गुण दहापैकी हवे होते. शाळेतली पोरंही हल्ली दहाचेच गुण घरी आणतात, तेव्हा आपणही आता दहाच धरू, असं सगळ्यांनी हात वर करून मान्य केलं. सरासरी नऊच्या वर गेली तर पुस्तक पुढे जाणार. बाल्झियाला हे कुणीच सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

पुढच्या बैठकीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, तिने साखरेचा डबा उचलला, लाल शाईचं पेन काढलं आणि वाचायला बसली. गोष्ट साधी होती. सरहद्दीच्या रस्त्यावर ट्रक चालवणारा नवरा, आणि गावात त्याची वाट बघणारी बायको. परतीच्या वाटेवर तो फोन करून एवढंच म्हणतो, पाणी गरम ठेव. मग बायको कान देऊन बसते. कुठलाही ट्रक वळणावर आला की गॅस पेटवते, ट्रक दुसऱ्याचा निघाला की बंद करते. अशी दीडशे पानं. मोठा शब्द एक नाही, उपमा नाही, निसर्ग नाही. बाल्झियाच्या अकरा प्रकरणांत पहिली चार पानं नुसती पहाटेची होती.

दुपारपर्यंत तिला एकेचाळीस चुका सापडल्या. एकेक चूक सापडताना तिला जो गारवा वाटत होता तो उन्हाळ्यात आयरानाच्या पहिल्या घोटालाही वाटत नाही. तिने वही उघडून लिहिलं: दोन. मग तिच्या डोक्यात आलं, की दोन म्हणजे नापास, आणि लोक काही मूर्ख नाहीत. लगेच म्हणतील, म्हातारी जळते. तिने दोन खोडला आणि तीन लिहिला. तिनाला कुणी नावं ठेवू शकत नाही. तीन म्हणजे बाई कडक आहेत एवढंच. शिवाय तिच्या हिशोबाने सरासरी खाली ओढायला एक तीन पुरेसा होता.

एवढं नीट ठरवून ती भांडी घासायला उठली, आणि पुस्तक टेबलावर उघडंच राहिलं. ही चूक तिला महागात पडली.

तोलेगेन एका गाभण गाईला तपासून आला, हात धुतले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत म्हणून पुस्तक ओढलं. चहा गार झाला. मग जेवण गार झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्झिया खोलीत डोकावली तर हा माणूस खिडकीकडे तोंड करून बसलेला, आणि खांदे हलताहेत.

"काय झालं? कुणाचा फोन होता?"

"फोन नाही गं." त्याने मनगटाने डोळे पुसले. "ही उलझान... ही बाई शिवण शिकवायची ना?"

"हो. कात्री आणायला सांगायची."

"काय लिहिलंय गं तिने. म्हातारे, खरंच सांगतो, मला माझी आईच दिसली." त्याने नाक शिंकरलं. "दुसरं लिहायला घेतलंय का तिने?"

"मला काय माहीत! मी काय तिची सेक्रेटरी आहे?"

"विचार ना जरा. भेटता की तुम्ही."

"एकेचाळीस चुका आहेत त्यात."

"असतील. मला नाही दिसल्या."

बाल्झियाच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस दोनदा रडला होता, एकदा वडील गेले तेव्हा आणि एकदा घोडा गेला तेव्हा. अकरा प्रकरणांत तिने एक आई मारली होती, एक मूल मारलं होतं, एक अख्खं गाव पुरात बुडवलं होतं, आणि त्याला अक्षर छान वाटलं होतं. ती तडक गेली आणि वहीत लिहिलं. जे लिहिलं ते गुणांच्या वहीत लिहायची गोष्ट नव्हती, पण दुसरं कुठे लिहिणार? मग खाली पुन्हा तीन लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला, इतका दाबून की मागच्या पानावर वळ उठला.

शुक्रवारी सकाळी ती बैठकीसाठी बाउरसाक करायला बसली. मन शांत होतं. उद्या काय बोलायचं ते तयार होतं: 'विषय चांगला आहे, लेखिकेची तळमळही दिसते, परंतु...' त्या 'परंतु'वर तिने बरीच मेहनत घेतली होती. कोपरापर्यंत पीठ, बाहेर ऊन, तोलेगेन आतल्या खोलीत घोरत पडलेला. तेवढ्यात खाली रस्त्यावर एक ट्रक वळणावर आला, गिअर बदलल्याचा आवाज झाला आणि पुढे निघून गेला.

बाल्झियाने पाहिलं तर तिचा हात गॅसच्या बटणावर होता. बटणाला पीठ लागलं होतं. शेगडीवरची किटली सूं करायला लागली होती.

कुणासाठी पाणी ठेवलं तिने? नवरा घरात होता. तिच्या सात पिढ्यांत कुणी ट्रक चालवलेला नव्हता. "ओयबाय," ती स्वतःशीच म्हणाली, "मेले मी." तिने गॅस बंद केला आणि पीठ इतक्या जोरात आपटलं की तोलेगेन जागा झाला.

"काय झालं गं?"

"काही नाही! झोप तू!"

नियम तिनेच केला होता. हात पिठात असताना पुस्तक आपणहून आठवलं, तर पाचवा. आठवलं नव्हतं नुसतं, तिच्या हाताने गॅस पेटवला होता. आणि पाचवा आला की आधीचे चार काय कापायचे? एकेचाळीस चुकांपैकी एकोणतीस तर स्वल्पविरामांच्या होत्या, हे तिलाही माहीत होतं. सबंध सकाळ तिने त्या पाचव्या गुणाशी भांडण केलं. बाउरसाक तेलात फुगत होते आणि ती मनात म्हणत होती, इतकी पुस्तकं मी वाचली, तिने नाही, मग मलाच का नाही सुचलं हे, एक ट्रक, एक किटली, यात काय होतं एवढं! पण साहित्याची बाई म्हणून ती अडतीस वर्षं जगली होती, आणि खोटा गुण तिने एकदाही दिला नव्हता. आपल्या भाच्यालाही तीन दिला होता, त्यावरून बहीण दोन वर्षं बोलत नव्हती. शेवटी तिने हात धुतले आणि वहीत पाच लिहिला. वहीतला सातवा पाच. लिहिताना दातओठ खाल्ले, पण लिहिला.

शनिवारी चिठ्ठीवर नाव आणि पाच लिहून तिने ती डब्यात टाकली, आणि एखादा दुखरा दात काढून टाकल्यासारखी हलकी होऊन खुर्चीत बसली. चिठ्ठ्या जुन्याच होत्या; त्यांवर नाव आणि गुण यांच्यापुढे नुसत्या मोकळ्या रेघा. उलझान पाहुणी म्हणून आली होती, नवा रुमाल बांधून, हात मांडीत घट्ट धरून. चहाच्या समोवारजवळ नाझिपा बसली होती. औषधाच्या दुकानाची मालकीण, मंडळातली सगळ्यांत तिखट जीभ. शाळेत तिचं सुवर्णपदक एका चारामुळे हुकलं होतं, आणि तो चार कुणी दिला हे ती गावात कुणालाही विसरू देत नसे.

तोर्गिनने डबा उपडा केला आणि वाचायला लागली. "दहा."

बाल्झियाला वाटलं, पोरगी गडबडली.

"नऊ. दहा. नऊ. दहा. नऊ." तोर्गिनचे गाल लाल झाले होते. तिने शेवटची चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. "पाच," ती हळूच म्हणाली. नाव वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती, कारण लाल शाई गावात एकच बाई वापरायची.

बाल्झिया शेजारणीकडे वाकली. "दहापैकी आहेत का हे?"

"मग? गेल्या महिन्यापासून दहाच की, बाई. तुम्ही नव्हता का?"

आता आधी तिला काय वाटलं ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून कुणी तिला देवमाणूस समजेल. आधी तिला आनंद झाला. अगदी पायाच्या नखापासून गरम असा आनंद. तिने प्रामाणिकपणे पुरे गुण दिले होते, देवाला ठाऊक होतं, वहीला ठाऊक होतं. आणि तरीही उलझान निम्म्यावर आपटली होती. पाप न करता फळ मिळालं होतं. यात आपला काय दोष? दोष नव्हताच. फक्त गप्प बसायचं होतं.

तोर्गिनने कागदावर बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला. "नऊला जरासं कमी पडतंय," ती म्हणाली. "आठ आणि वर काहीतरी. पुस्तक... पुढे नाही जाणार."

नाझिपाने समोवारची तोटी सोडली आणि बाल्झियाचा प्याला भरला. भरला म्हणजे काठोकाठ भरला. थोडा ओतला तर मान, पुन्हा पुन्हा ओतून द्यायचा म्हणून. काठापर्यंत भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि चालू लागा. मोठ्या माणसाला, त्यातून आपल्या बाईंना, असा प्याला त्या लायब्ररीत कधी कुणी दिला नव्हता.

"घ्या, बाई," नाझिपा म्हणाली. "आणि नियमाप्रमाणे बोला आता. सगळ्यांत कमी ज्याचे, त्याने आधी. मी तयार आहे ऐकायला, माझ्या चाराचं कारण पंचवीस वर्षांत मला कळलं नाही, निदान हिच्या पाचाचं तरी कळू दे."

"नाझिपा, राहू दे गं," उलझान मध्येच म्हणाली. ती उभी राहिली होती. "बाईंवर कशाला चिडतेस? मी दोन ओळींची सूचना लिहायचे तर त्यात दोन चुका निघायच्या, आपांना विचारा. आणि आता दीडशे पानांमागे त्यांनी मला निम्मे गुण ठेवले. माझ्या मानाने खूप आहेत. खरं सांगू, मी तिनाची तयारी करून आले होते." आणि ती हसली.

हे ती टोमणा म्हणून बोलली असती, तर बाल्झियाने निवांत ऐकून घेतलं असतं आणि भरलेला प्याला पिऊन घरी गेली असती. पण उलझानला टोमणा मारता येत नाही, चोवीस वर्षांत तिने एकदाही मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. बाईंनी निम्मे दिले म्हणजे आपलं लिहिणं निम्मंच आहे, असं ती आज घरी घेऊन जाणार होती, आणि पुन्हा कधी हातात पेन धरणार नव्हती. बाल्झियाला हे इतकं स्वच्छ दिसलं की तिचा सगळा आनंद आंबला.

"मी पाचापैकी दिलेत," ती म्हणाली.

"काय?"

"पाचापैकी पाच! मला कुणी सांगितलं नाही दहाचं. मला वाटलं नेहमीसारखे पाच. मी पुरे दिलेत."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नाझिपाने भुवया वर केल्या. "वा! हे बरंय. आधी पाडायचं आणि लोक बघायला लागले की सावरायचं. पाचापैकी पाच, आणि तुम्ही? बाई, तुम्ही स्वतःच्या भाच्याला दिला नाहीत."

"चिठ्ठी बदलता येत नाही ना, बाई," तोर्गिन रडवेली होऊन म्हणाली. "तुमचाच नियम. पण तुमच्याकडे काही लिहिलेलं असेल तर... तुमची ती वही?"

वही तिच्या पिशवीत होती, मांडीवरच. बाल्झियाने पिशवीवर दोन्ही हात ठेवले. त्या पानावर पाच होता, हे खरं. पण त्याच्यावर काय काय होतं तेही तिलाच ठाऊक होतं. खरेपणाचा पुरावा तिथेच होता आणि जळण्याचाही तिथेच, एकाच पानावर, लाल शाईत. अर्धं दाखवता येत नव्हतं.

"बघा," नाझिपा म्हणाली. "नाही काढत."

बाल्झियाने वही काढली. चष्मा लावला. वर्गात धडा वाचायची तशी उभी राहिली.

"उलझान. पाणी गरम ठेव," तिने वाचलं. "दोन. खोडलेला. लोक म्हणतील जळते." कुणीतरी खोकलं. "तीन. चुका एकेचाळीस. सरासरीला तीन पुरेल." तिने पान जरा लांब धरलं. "मंगळवार. तोलेगेन रडला. माझी अकरा प्रकरणं वाचून कधी रडला नाही. बावीस वर्षं लिहितेय मी, आणि ही एका हिवाळ्यात. म्हणून तीन. तीनच. कितीही चांगलं असलं तरी तीन." ती थांबली. चष्म्यावर वाफ आली होती. "शुक्रवार. पीठ मळताना ट्रक आला, मी गॅस पेटवला. पाच. सातवा पाच."

तिने वही उलटी करून सगळ्यांना पान दाखवलं, खोडाखोडीसकट आणि त्या गोलासकट, आणि खाली बसली. आयुष्यभर लपवलेली कादंबरी सात माणसांना आणि एका लायब्ररीवालीला कळली होती. सोमवारपर्यंत ती बाजारात खरबुजांच्या ढिगापर्यंत पोचणार होती.

नाझिपाने बाल्झियासमोरचा प्याला उचलला, बादलीत रिकामा केला आणि त्यात नवा चहा ओतला, तळाला घोटभर. मग कोरी चिठ्ठी तिनेच तोर्गिनच्या हातून घेऊन बाल्झियापुढे ठेवली. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. कुणाचीच नव्हती.

बाल्झियाने पेन उचललं. आता उलझान काहीतरी बोलेल, डोळे पुसेल, मिठी मारेल, असं तिला वाटत होतं आणि त्याची तिला धास्तीही होती. उलझान पुढे झाली खरी. तिचे डोळे चमकत होते.

"आपा," ती म्हणाली, "तोलेगेनभाऊ रडले? खरंच? कुठल्या पानावर?"

लेखकाची जात! एवढ्या लोकांसमोर बाल्झियाने स्वतःची साल सोलून ठेवली होती, आणि या बाईने त्यातून नेमकं आपल्या कामाचं उचललं. पोटातली कळ पुन्हा उठली, ताजी, जशी पहिल्या दिवशी होती तशीच. चिठ्ठीवर दहा लिहायला निघालेला हात थांबला. पाचाच्या वहीत पूर्ण आणि अपूर्ण यांच्यामध्ये अख्खा एक गुण असायचा, द्या नाहीतर ठेवा. या दहाच्या हिशोबात मात्र माणसाच्या हलकटपणाला थोडी जागा होती. तिने नऊ लिहिले आणि चिठ्ठी तोर्गिनकडे ढकलली.

तोर्गिनने वाचलं. "बाई, पाचापैकी पाच म्हणजे दहा होतात."

"गणित मला शिकवू नकोस. एक हा प्रश्न विचारल्याबद्दल कापलाय."

सगळे हसले, नाझिपा तर समोवारचा टेकू घेऊन हसली. तोर्गिनने घाईघाईने भागाकार केला आणि टाळी वाजवली. नऊच्या वर गेलं होतं. कुणी उलझानला बाउरसाक भरवला, कुणी मुके घेतले. त्या गर्दीतही उलझान बाल्झियाच्या खुर्चीजवळून हलेना, शाळेत कागद पुढे सरकवून उभी राहायची तशी उभी, उत्तराची वाट बघत.

बाल्झियाने वही पिशवीत घातली, चष्मा काढला, घोटभर चहा संपवला. जी गोष्ट तिने वहीतही लिहिली नव्हती, ती उलझानकडे न बघता सांगितली.

"एकशे सव्वीस," ती म्हणाली. "मी पण तिथेच. आणि त्याच्या आधी."